जनुके तीच, मग एकाचेच हृदय सदोष का?

एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये एकाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र निघते आणि दुसऱ्याचे हृदय ठणठणीत असते. आईवडील चक्रावतात. जनुके दोघांची जवळपास तीच, मग दोष एकालाच कसा? पण अशा जुळ्यांमध्ये बहुधा असेच होते, दोघांनाही दोष असणे हा अपवाद.

एरवी शंभर नवजात बाळांमागे साधारण एकाला जन्मजात हृदयदोष असतो. एकच वार (प्लासेंटा) वाटून घेणाऱ्या जुळ्यांत हे प्रमाण कितीतरी पट वाढते. त्यामुळे संशयाची सुई वारेकडे वळते. बीज पहिल्या 3 दिवसांत दुभंगले तर वारा दोन होतात. त्यानंतर दुभंगले तर एकच. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जोड्या एका वारेच्या असतात.

या सामायिक वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण बहुतेकदा बरोबरीची चालते, पण 10 ते 15 टक्के गर्भारपणांत तोल जातो. एकाचे रक्त दुसऱ्याकडे जात राहते. नुकसान फक्त देणाऱ्याचेच होते असे नाही. जादा रक्त ढकलता ढकलता घेणाऱ्याच्या हृदयाचे स्नायू जाड होतात, फुप्फुसाकडे जाणारी झडपही अरुंद होऊ शकते. मुळात नीट घडलेले हृदय भाराने बिघडते, हे मला यातले सर्वांत चकित करणारे वाटते. गर्भाशयात दुर्बीण घालून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद केल्या, तर हृदयाचे काम बऱ्याचदा सुधारते.

पडद्यातल्या छिद्रांना मात्र हे उत्तर लागू पडत नाही. हृदयाचे कप्पे आठव्या आठवड्याच्या सुमारास तयार झालेले असतात, तर रक्ताचा हा असमतोल सहसा सोळाव्या आठवड्यानंतर दिसतो. बीज दुभंगताना शरीराची डावी-उजवी बाजू ठरवणारे संकेत विस्कटत असावेत, असा एक तर्क आहे.

म्हणून जुळी आहेत म्हटल्यावर लगेच विचारावे: वार एक की दोन? 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे सर्वांत स्पष्ट कळते. वार एक असेल तर 18 ते 22 आठवड्यांत दोन्ही बाळांचा फीटल इको, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करतात. गंभीर दोष आधीच कळला, तर लहान मुलांच्या हृदयावर उपचार होतील अशा रुग्णालयातच बाळंतपण ठरवता येते.