वीज गेल्यानंतरचे पहिले दोन दिवस : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

आमच्याकडून इन्व्हर्टर किंवा बॅटरी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे पत्रक आम्ही बिलासोबत देतो. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात मे-जूनमध्ये वादळ सुटले की उभ्या बागा आडव्या होतात आणि विजेचे खांबही कोसळतात. अशा वेळी शहरातला पुरवठा काही तासांत सुरू झाला, तरी आडबाजूच्या गावांना आणि मळ्यातल्या वस्त्यांना नवे खांब उभे राहून तारा ओढल्या जाईपर्यंत थांबावे लागते. पुराचेही तसेच आहे. 31 ऑगस्ट 2021 रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, तेव्हा बाहेरची मदत पोहोचेपर्यंत लोकांना घरात होते त्यावरच निभावून न्यावे लागले. पहिले दोन दिवस कोणाच्याही मदतीवाचून काढता येतील एवढी तयारी प्रत्येक घरात असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. विजेचा भाग आमच्या व्यवसायाचा असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिले आहे. बाकीचे आवश्यक तेवढेच.

बॅटरी किती तास चालेल?

दुकानात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच असतो आणि त्याचे उत्तर घरात काय चालू ठेवणार यावर अवलंबून असते. 12 व्होल्टची 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास वीज साठवते. त्यातली काही वीज इन्व्हर्टरमध्येच खर्च होते आणि बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून प्रत्यक्ष वापरासाठी साधारण 1100 वॅट-तासच हिशेबात धरावेत. 75 वॅटचे जुने दोन पंखे, 9 वॅटचे चार एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर यांचा भार सुमारे 196 वॅट होतो, म्हणजे बॅटरी साडेपाच तासांच्या आसपास टिकते. तेच दोन पंखे बीएलडीसी प्रकारचे, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटारीचे, प्रत्येकी 30 वॅटचे असतील, तर भार 106 वॅटवर येतो आणि तीच बॅटरी दहा तास साथ देते. म्हणूनच मोठी बॅटरी मागायला आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी पंखे बदलण्याचा सल्ला देतो. त्यात आमची विक्री कमी होते, पण ग्राहकाचा पैसा योग्य ठिकाणी लागतो.

दुसरी बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास सलग वीज लागते. वादळानंतर वीज तासभर येऊन पुन्हा गेली, तर बॅटरी पहिल्या रात्रीइतकी चालणार नाही. म्हणून पहिल्या रात्री टीव्ही आणि जादा दिवे बंद ठेवून एका खोलीत सर्वांनी झोपावे आणि दुसऱ्या रात्रीसाठी काही वीज शिल्लक ठेवावी. पाण्याची मोटार घरगुती इन्व्हर्टरवर लावू नये. एक एचपीची मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडतो. आभाळ भरून आले की वरची टाकी आधीच भरून घ्यावी.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले रुग्ण असतील, तर ही आकडेमोड आणखी काटेकोरपणे करावी लागते. पाच लिटर क्षमतेचे यंत्र साधारण 350 वॅट घेते, म्हणजे वरील बॅटरीवर ते जेमतेम तीन तास चालेल. अशा घरांनी केवळ इन्व्हर्टरवर विसंबून राहू नये. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरी असावा आणि तो जोडायला घरातल्या दोघांना तरी यावा.

खान्देशातला उन्हाळा आणि बॅटरी

बॅटरीच्या भोवतालचे तापमान 25 अंशांच्या वर जाईल तसे दर 10 अंशांमागे तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी किती सोसत असेल, याचा विचार करावा. जिन्याखालची किंवा उत्तरेकडच्या भिंतीलगतची सावलीची, हवा खेळती राहील अशी जागा उत्तम. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो व तो ठिणगीने पेट घेऊ शकतो, म्हणून बंद कपाटात बॅटरी ठेवू नये आणि तिच्याजवळ देवघरातला दिवा, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी नसावी.

उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी लवकर आटते. मार्च ते जून दर महिन्याला झाकणांवरचे फ्लोट पाहावेत आणि पातळी लाल खुणेकडे उतरली असेल, तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात, आणि आरओचे पाणीही यासाठी चालत नाही. ॲसिड तर घरी कधीच घालू नये. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमली असेल, तर इन्व्हर्टर बंद करून आमच्या माणसाला बोलवावे. बॅटरीचे पाणी डोळ्यात उडाले, तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धुऊन मग डॉक्टरांकडे जावे.

सोलरबद्दल एक गैरसमज

पीएम सूर्यघर योजनेतून अनेक ग्राहकांनी घरावर सोलर बसवले आहे. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि वीजबिल खूपच कमी होते. मात्र बॅटरी नसलेला हा संच महावितरणच्या लाइनला जोडलेला असल्यामुळे लाइन बंद पडताच तोही बंद होतो, मग वर कितीही कडक ऊन असो. ही त्रुटी नाही. तुमच्या छतावरची वीज बंद लाइनमध्ये शिरली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून संच तसाच बनवलेला असतो. वीज गेल्यावरही सोलर चालावे अशी अपेक्षा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि त्याचा खर्च आधी समजून घेऊनच निर्णय करावा. याच कारणासाठी जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी पिन लावून कधीही जोडू नये. त्यासाठी चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

कूलर आणि अर्थिंग

खान्देशात कूलरवाचून उन्हाळा जात नाही, आणि लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून अगत्याने सांगतो. कूलरला तीन पिनचाच प्लग असावा, पाणी भरताना प्लग काढलेला असावा आणि घराला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, असावी. तिच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबावे; खटका लगेच पडला नाही, तर ती निकामी आहे असे समजून बदलून घ्यावी. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगचा मातीशी संपर्क कमकुवत होतो, म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. जुन्या घरांत तो खड्डा कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. आम्हाला बोलवल्यास आमचा माणूस तो शोधून तपासून देईल.

पाणी, शिधा आणि औषधे

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावांना साठवणूक शिकवण्याची गरज नाही. पिण्याचे पाणी मात्र वेगळे, झाकलेले आणि माणशी रोज किमान चार लिटर या हिशेबाने दोन दिवस पुरेल एवढे असावे. पुरानंतर विहीर व बोअरचे पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत.

शिध्याच्या बाबतीत आपल्या आयाबायांनी उन्हाळ्यात घातलेले वाळवण हीच मोठी शिदोरी असते. बिबड्या, कुरडया आणि शेवया घरात असतातच; त्यांच्या जोडीला फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे आणि गूळ ठेवला, तर चूल न पेटवताही दिवस निघतो.

पारा 40 अंशांच्या वर असताना नुसत्या पंख्याची हवा शरीर थंड करू शकत नाही. वीज असो वा नसो, वृद्ध आणि लहान मुलांच्या अंगावर ओले फडके फिरवावे आणि ओआरएस द्यावे. ओआरएसची पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ घ्यावे. अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलू लागला आहे किंवा शुद्ध हरपत आहे, असे दिसले तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत आणावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा, तोंडात पाणी ओतू नये आणि ताबडतोब 108 वर फोन करावा.

फ्रिज बंद पडल्यावर इन्सुलिनचे काय करायचे, हे मधुमेही ग्राहकांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. कोरड्या उन्हाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात इन्सुलिन घालून तो डबा मातीच्या लहान माठात ठेवावा आणि माठाला बाहेरून ओले फडके गुंडाळून सावलीत वाऱ्याला ठेवावे. पाणी झिरपून उडते तसा आतला भाग बाहेरपेक्षा बराच थंड राहतो.

पुराचे पाणी शिरण्याची शक्यता असल्यास

तापी, गिरणा, वाघूर किंवा पांझरा यांच्या काठावर राहणाऱ्या ग्राहकांकडे बॅटरी बसवताना आम्ही ती जमिनीवर ठेवत नाही, लोखंडी स्टँडवर उंच ठेवतो. पाणी घराच्या दिशेने येताना दिसले, तर ते उंबऱ्याला लागण्यापूर्वीच मेन स्विच व इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची वीज घरातल्या तारांमध्ये खेळत असते, हे विसरू नये. पाण्यात उभे राहून कोणताही स्विच हाताळू नये. पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नये. तुटून पडलेल्या तारेजवळ, लाइन बंद आहे असे कोणी सांगितले तरी, जाऊ नये आणि 1912 वर कळवावे. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करावा. इतर कोणत्याही संकटात 112 हा एकच क्रमांक पुरेसा आहे. हे क्रमांक मोबाइलमध्ये तर ठेवावेतच, शिवाय मीटरच्या पेटीवर रंगाने लिहावेत; मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडलेला असतो.

पावसाळ्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी मेन स्विच स्वतः बंद करून घर दोन तास इन्व्हर्टरवर चालवून पाहावे. कोणता पंखा चालत नाही, टॉर्च कुठे आहे आणि आजींच्या खोलीत दिवा लागतो की नाही, हे त्या दोन तासांत समजते. आढळलेल्या अडचणी कागदावर लिहून दुकानात आणाव्यात. आमच्याकडून घेतलेल्या इन्व्हर्टरची मे महिन्यातील तपासणी विनामूल्य आहे. जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. तिच्यातले शिसे आणि ॲसिड घातक असते. ती दुकानात आणल्यास आम्ही नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे वजा करून देतो.