खिशातला डिजिटल कॅमेरा

खिशातला डिजिटल कॅमेरा : अंगचीच लेन्स असलेला, बंद केल्यावर ती लेन्स पोटात ओढून घेणारा आणि शर्टाच्या खिशात किंवा पर्समध्ये मावणारा कॅमेरा. दुकानदार त्याला ‘पॉइंट अँड शूट’ म्हणत. घरांत त्याचे नाव ‘डिजिकॅम’ किंवा नुसतेच ‘डिजिटल’ असे पडले. त्याची लेन्स बदलता येत नाही. फोकस आणि उजेडाचा हिशेब तो बहुतेक वेळा स्वतःच करतो. त्याचे जवळपास सगळे गुण आणि दोष एकाच गोष्टीतून निघतात : त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपून त्याचे चित्र करणारी चकती, करंगळीच्या नखाहून लहान असतो. ठाणे आणि नवी मुंबईत खाडी, डोंगर, तलाव, मिरवणुका आणि चार महिन्यांचा पाऊस हे सगळे हाताशी असल्याने या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला दूर जावे लागत नाही. या नोंदीतली उदाहरणे म्हणून तिथलीच आहेत.

पहिला डिजिटल कॅमेरा खिशात मावण्यासारखा मुळीच नव्हता. कोडॅकमधील अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ साली तो तयार केला, तेव्हा त्याचे वजन ३.६ किलो होते. चित्र कृष्णधवल आणि १०० × १०० ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. काढलेला फोटो जागेवरच मागच्या पडद्यावर बघण्याची सोय कॅसिओच्या क्यूव्ही-१० (१९९५) ने सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणली. त्याआधी आपल्याकडे कोडॅक केबी-१०सारख्या कॅमेऱ्यात ३६चा रोल घालत आणि मोजूनमापून फोटो काढत. कोणाचे डोळे मिटले होते ते रोल धुऊन आल्यावरच कळे. डिजिकॅम आला आणि लग्न, मुंज, बारसे यांतली ही काटकसर संपली. २०१० साली जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, त्यांतले १० कोटींहून अधिक न बदलणाऱ्या लेन्सचे होते. २०२३ मध्ये हा दुसरा आकडा १७ लाखांच्या आसपास उरला. मधल्या काळात काय झाले ते प्रत्येकाच्या हातातच आहे.

सेन्सरचे गणित : या वर्गातल्या बहुसंख्य कॅमेऱ्यांत ६.१७ × ४.५५ मिलिमीटरचा सेन्सर असतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्याचा ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ × २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा. दोघांत तीसपट फरक. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर कशात किती पाणी जमेल, तसाच हा उजेडाचा हिशेब आहे. खोक्यावरच्या मेगापिक्सलच्या (दहा लाख ठिपक्यांचा एक) आकड्याने हा फरक भरून निघत नाही. १६ मेगापिक्सल या वाटीत बसवले की एकेका पिक्सलची रुंदी जेमतेम १.३ मायक्रोमीटर होते. फुल फ्रेमवर २४ मेगापिक्सल बसवूनही ती ६ राहते. शिवाय उजेड आत सोडणारे लेन्समधले छिद्र बारीक केले की प्रकाश कडेला वाकून पसरतो. (छिद्राचे माप एफ/२.८, एफ/८ असे सांगतात. आकडा मोठा तितके छिद्र बारीक.) एफ/८ ला त्यामुळे होणारा ठिपका १० मायक्रोमीटरच्या घरात जातो आणि अनेक पिक्सल व्यापतो. म्हणूनच या कॅमेऱ्यांत छिद्र सहसा एफ/८ च्या पुढे बारीक होत नाही, आणि १२ मेगापिक्सलच्या जुन्या कॅमेऱ्याचा फोटो कधीकधी २० वाल्यापेक्षा स्वच्छ दिसतो. विक्रेत्यांनी ही गोष्ट सांगितल्याचे कोणाला आठवत नसेल.

झूम : लहान सेन्सरची भरपाई इथे होते, आणि भरघोस होते. सेन्सर लहान असल्याने छोट्या लेन्सलाही दूरचे खेचता येते. निकॉनचा पी९०० (२०१५) खिशात न मावणारा, ९०० ग्रॅमचा, पण सेन्सर तोच. त्याची लेन्स प्रत्यक्षात ४.३ ते ३५७ मिलिमीटरची, तरी परिणाम फुल फ्रेमवरच्या २४ ते २००० मिलिमीटरच्या लेन्सचा. तेवढ्या ताकदीची लेन्स मोठ्या कॅमेऱ्याला लावायची तर ती वाहायलाच माणूस लागेल. खरोखर खिशात जाणाऱ्या कॅमेऱ्यांतही ३० पट झूम मिळतो. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्या हौशी मंडळींना याचा खरा उपयोग होतो. ओहोटीला हे पक्षी ठाणे खाडीच्या चिखलावर लांब पांगलेले असतात, भरतीचे पाणी चढले की ते आतल्या पाणवठ्यांकडे सरकतात. भरतीची वेळ बघून गेलेल्याला साध्या डिजिकॅमवरही छोटा रोहित आणि मोठा रोहित यांच्या चोचींतला फरक ओळखण्याइतका फोटो मिळतो, आणि पक्ष्याची नोंद ठेवायला तेवढा पुरतो. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

मात्र झूम पूर्ण ताणला की लेन्सचे तोंड आपसूक अरुंद होते. उजेड कमी पडतो, शटर मंदावते, हात हलतो आणि त्याबरोबर फोटोही. ‘डिजिटल झूम’ हा तर झूमच नव्हे. तो फक्त चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, आणि फोटो फाटतो. तो मेनूत जाऊन कायमचा बंद करावा. दुपारी चिखलावरून उठणाऱ्या गरम हवेने पक्षी लवथवताना दिसतो, त्यात मात्र कॅमेऱ्याचा दोष नाही. महागड्या लेन्सलाही ती हवा कापता येत नाही.

जवळचे विषय : घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरांच्या बागेत किंवा येऊरच्या पायवाटेवर मोठा कॅमेरा घेऊन वाकणाऱ्यांपेक्षा डिजिकॅमवाल्याचे काम अनेकदा सोपे जाते. बऱ्याच मॉडेलांना वाइड टोकाला, म्हणजे झूम अजिबात न ताणता, विषयापासून काही सेंटिमीटरवर, काहींना तर एका सेंटिमीटरवरही फोकस जमतो. त्यात छोट्या सेन्सरमुळे खोलीतला मोठा पट्टा एकदम स्पष्ट येतो : इथला एफ/२.८ हा फुल फ्रेमच्या साधारण एफ/१६ सारखा वागतो. ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५ पासूनचे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू, पंख पसरून बसले तर मिशांपासून पंखाच्या कडेपर्यंत सगळे रेखीव येते. अडचण एवढीच की इतक्या जवळ गेल्यावर फुलपाखरू बसून राहत नाही. हाच गुण माणसांच्या फोटोत दोष ठरतो. मागची पार्श्वभूमी धूसर करून चेहरा उठून दिसावा असे वाटत असेल तर हा कॅमेरा निराश करतो. नवरीच्या मागे मंडपातला पंखा आणि रचलेल्या खुर्च्याही तितक्याच ठसठशीत दिसतात. एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यांनी ही उणीव थोडी भरून काढली. सोनीचा आरएक्स१०० (२०१२) त्यांतला गाजलेला. तो खिशात मावे, पण खिशाला परवडत नसे.

अंधार, फ्लॅश आणि पाऊस : रात्री तलावपाळीवर मासुंदा तलावातल्या दिव्यांचे प्रतिबिंब टिपायला गेले की ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवतो आणि काळ्या पाण्यावर रंगीत दाणे पेरतो. ४०० च्या पुढे दाणे दिसू लागतात. ते पुसण्यासाठी कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो आणि झाडांची पाने मेणाची वाटू लागतात. उपाय फुकटचा आहे : आयएसओ १०० वर बांधायचा, फ्लॅश बंद करायचा, कॅमेरा कठड्यावर टेकवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यायचा. सेकंदा-दोन सेकंदांत आलेला हा फोटो पाहून अनेकांचा आपल्या कॅमेऱ्यावरचा राग जातो.

फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटरचा. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, म्हणून गडकरी रंगायतनात शाळेच्या स्नेहसंमेलनाला मागच्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्या पालकांना रंगमंच अंधारा आणि पुढच्या रांगांतली टकले लखलखीत असा फोटो मिळतो. फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असल्याने तो डोळ्याच्या पडद्यावरून थेट लेन्समध्ये परततो आणि बाहुल्या लाल होतात. पावसात याच शेजारामुळे आणखी एक गंमत होते. लेन्ससमोरच्या थेंबांवर उजेड आपटून फोटोभर पांढऱ्या चकत्या तरंगतात. येऊरच्या रात्रीच्या फोटोंत कोणाला त्यात भुतेही दिसली असतील. थेंब किंवा धूळ यापलीकडे त्यात काही नसते. तरीही हा झेनॉन फ्लॅश आजच्या फोनच्या दिव्यापेक्षा सरस आहे. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात लखलखतो, त्यामुळे जवळ नाचणारा माणूस जागच्या जागी थिजतो.

वेग : बटण दाबणे आणि फोटो निघणे यांत जुन्या मॉडेलांत चांगलाच विलंब होतो. टेंभी नाक्याच्या दहीहंडीत थर लागला हे बघून बटण दाबले तर पडद्यावर येतो तो कोसळलेला थर. बटण अर्धे दाबून फोकस आधीच धरून ठेवायची सवय लागली की हा उशीर बराच कमी होतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मात्र कॅमेऱ्याचा लहानपणा कामी येतो : सकाळचा स्वच्छ उजेड, गर्दीच्या डोक्यावर एका हाताने उंच धरता येईल असे वजन, आणि मोठा कॅमेरा बघून लेझीमवाल्या मुली जशा अवघडतात तशा इथे अवघडत नाहीत. पण भर उन्हात पडद्यावर फोटोऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो आणि डोळा लावायची खिडकी बहुतेक मॉडेलांत नसते, तेव्हा चौकट अंदाजानेच साधावी लागते.

दमट हवा : खाडीकाठच्या गावांत हा कॅमेरा वापरून झिजण्यापेक्षा कपाटात पडून जास्त खराब होतो. लेन्स आतबाहेर करताना भात्यासारखी हवा आणि धूळ ओढते. पावसाळ्यात काचेवर बुरशीचे जाळे धरते, आणि ती काच सहज उघडून पुसता येत नाही. गारेगार मॉलमधून जूनच्या हवेत कॅमेरा काढला की काच धुरकटते. पाच-दहा मिनिटे थांबावे, पुसत बसू नये. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवण्याची घरगुती युक्ती तांदळाच्या भुकटीमुळे अंगाशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. अडकलेल्या लेन्सची दुरुस्ती बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

फोन आणि पुनरागमन : फोन एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जोडतो आणि दाणे व काळोख गणिताने मारतो. आज बऱ्याच फोनांचे सेन्सरही जुन्या डिजिकॅमपेक्षा मोठे असतात. डिजिकॅमकडे उरले ते खरे झूम, खरा फ्लॅश आणि मनगटात अडकवायची दोरी. गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे कॅमेरे शोधण्याची टूम निघाली आहे. त्यांना हवा असतो तो थेट फ्लॅश, चकचकीत त्वचा आणि कोपऱ्यातली नारिंगी तारीख. ती तारीख आतली लहान बॅटरी मेल्यावर मूळपदावर जाते, त्यामुळे अनेक घरांतल्या अल्बमात वेगवेगळ्या वर्षांची बारशी एकाच १ जानेवारीला झालेली दिसतात.

जुना कॅमेरा घेताना पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग बघावेत आणि दिव्याकडे रोखून पडद्यावर उभी रेघ किती ठळक उमटते ते पाहावे. थोडी रेघ हा सीसीडीचा स्वभाव आहे. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतो, खास बॅटरीचा असेल तर चार्जर आहे का ते आधी विचारावे. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या जुन्या मॉडेलांना लागणारी एक्सडी कार्डे आता बनत नाहीत. एसडी कार्ड चालत असले तरी २००६ पूर्वीच्या कॅमेऱ्यांना सहसा २ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचता येत नाही.