सुई रुग्णाच्या हाती आली तेव्हा

भाचीला टाइप १ डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणं थांबतं तो मधुमेह, निघाला तेव्हा ती सात वर्षांची होती. भेटायला येणारी माणसं तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "यातूनच पोर शहाणी होईल बघा." त्यांच्या मनात मायाच होती. पण दुखण्यात माणूस घडतो असं म्हणायचं, तर आधी त्याच्यापुढे काही वर्षं तरी असावी लागतात. १९२२ च्या आधी या मुलांपुढे ती नव्हती.

तेव्हाचा उपचार म्हणजे उपासमार. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन मुलांना अगदी मोजकं खायला देत. रक्तातली साखर तेवढीच कमी चढे आणि मरण थोडं लांबे. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. ती अकराव्या वर्षी आजारी पडली आणि पंधराव्या वर्षी तिचं वजन साधारण २० किलो उरलं होतं. कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप या संशोधकांच्या हातून रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन औषध म्हणून तयार झालं. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. औषध पुरेसं शुद्ध नसल्यानं ते नीट लागू पडलं नाही. २३ जानेवारीला शुद्ध केलेलं इन्सुलिन दिलं आणि मुलगा सावरला. त्याच ऑगस्टमध्ये एलिझाबेथ टोरांटोला पोचली. पुढे ती १९८१ पर्यंत जगली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. सुमारे ४२ हजार इंजेक्शनं तिनं घेतली, पण आपला आजार मात्र तिनं जन्मभर जगापासून लपवला. मला यात तिचा दोष दिसत नाही. आजार सांगितला की माणूस बाजूला पडतो, हे तिनं पाहिलेलं असणार.

नेमकी उलटी वाट धरली रॉबिन लॉरेन्स यांनी. हे स्कॉटलंडचे तरुण डॉक्टर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सेची तयारी करत होते. मृतदेहावर सराव करताना हाडाची कपची उडून डोळ्यात गेली, डोळा चिघळला, आणि त्या तपासण्यांत डायबेटिस सापडला. घरच्यांना आपलं मरण बघावं लागू नये म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. १९२३ मध्ये लंडनच्या सहकाऱ्याची तार आली: इन्सुलिन मिळालंय, लागू पडतंय, लवकर परत ये. पायांतली ताकद गेलेली असताना हा माणूस मोटार घेऊन युरोप ओलांडून लंडनला आला. मे महिन्याच्या अखेरीस त्यांना पहिलं इंजेक्शन मिळालं. त्यानंतर त्यांनी आयुष्यच या आजाराला वाहिलं. १९२५ मध्ये त्यांनी डॉक्टरांबरोबर रुग्णांनाही वाचता येईल असं पुस्तक काढलं. १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत रुग्णांची संघटना उभारली. वेल्स यांनाही डायबेटिस होता. डॉक्टर आणि रुग्ण एकाच बाकावर बसण्याची ही सुरुवात होती, असं मला वाटतं. बोस्टनमध्ये डॉ. जॉस्लिन यांनी तर इन्सुलिनच्या आधीपासूनच रुग्णांना शिकवायला घेतलं होतं.

शिकण्यासारखं होतंही बरंच. सिरिंज काचेची, रोज उकळायची. सुई बोथट झाली की दगडावर घासून धार काढायची. साखर पाहायची तर चाचणीनळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि तापवायचं. रंग निळाच राहिला तर हायसं वाटायचं. हिरवा, पिवळा, नारिंगी करत विटकरी झाला, की जेवणावर गदा. पण तो रंग काही तासांपूर्वीची गोष्ट सांगायचा. रक्तात आत्ता किती साखर आहे, हे घरी कळायला मार्ग नव्हता.

तो मार्ग एका रुग्णानंच काढला. रिचर्ड बर्नस्टीन अमेरिकेतले इंजिनिअर, बाराव्या वर्षापासून डायबेटिस. १९६९ मध्ये त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. वजन दीड किलोच्या आसपास, किंमत ६५० डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर यंत्र मागवलं. दिवसातून अनेकदा मोजून, इन्सुलिन आणि जेवण त्याप्रमाणे बदलून त्यांनी तब्येत सुधारली. हे लिहून पाठवलं तर वैद्यकीय नियतकालिकांनी परत केलं. तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीत ते मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. दुखण्यातून वाढणं म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मला हाच माणूस आठवतो. सहन तर सगळेच करतात. त्यांनी स्वतःच्या शरीराची माहिती स्वतः मिळवली आणि तिला मान मिळवून दिला.

असं मोजत राहण्यानं फायदा होतो याचा पुरावा १९९३ मध्ये आला. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ टाइप १ रुग्णांवर दहा वर्षं चाललेल्या डीसीसीटी या अभ्यासात निम्म्या रुग्णांनी रोज किमान चार वेळा साखर तपासून इन्सुलिन बदलतं ठेवलं. यांपैकी ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात दृष्टिपटलाच्या आजाराचा धोका उरलेल्या निम्म्यांच्या तुलनेत ७६ टक्क्यांनी घटला. साखर एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रसंग मात्र जवळपास तिपटीनं वाढले. म्हणजे रुग्णाच्या रोजच्या निर्णयानं डोळे वाचतात हे सिद्ध झालं, आणि त्या निर्णयाचं ओझं किती असतं तेही. इन्सुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या आणि शिकवणारं माणूस यांतलं एक जरी परवडलं नाही, तरी ते ओझं पोराला आणि घराला दाबून टाकतं. "शहाणी होईल" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

भाची आता एकोणीसची आहे. परवा लग्नाच्या पंगतीत तिनं पानातली जिलबी मोडून अर्धी बाजूला सारली, मनाशी हिशेब केला, इन्सुलिनच्या पेनवर आकडा फिरवला आणि तिथेच बसल्या जागी इंजेक्शन घेतलं. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय गं हे?" तिनं सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "मलाही आहे गं. सुनेला अजून सांगितलं नाही."