‘क्रॉइत्झर सोनाटा’ क्रॉइत्झरसाठी लिहिलाच नव्हता

बेथोवेनचा व्हायोलिन सोनाटा (व्हायोलिन आणि पियानोसाठीची अनेक भागांची रचना) क्रमांक ९ (ओपस, म्हणजे प्रकाशित कृतीचा क्रमांक, ४७) रोडोल्फ क्रॉइत्झर या फ्रेंच व्हायोलिनवादकासाठी लिहिला गेला, असं आजही कार्यक्रमपत्रिकांत छापून येतं. ते चूक आहे. तो लिहिला गेला जॉर्ज ब्रिजटॉवर या आफ्रिकी वंशाच्या व्हायोलिनवादकासाठी. पोलंडमध्ये जन्मलेल्या या वादकाने १७८९मध्ये, कोवळ्या वयात, पॅरिस गाजवलं होतं.

पहिला प्रयोग २४ मे १८०३ला व्हिएन्नातल्या ऑगार्टन या बागेत सकाळी आठला झाला. आणि तयारी? शेवटचा भाग तेवढा हाताशी होता, कारण तो ओपस ३०मधल्या पहिल्या सोनाट्यातून काढून ठेवलेला. पहिल्या भागातलं व्हायोलिनचं स्वरलेखन उतरवून काढायला बेथोवेनने शिष्य रीसला पहाटे साडेचारला उठवलं. दुसरा भाग उतरवून काढायला वेळच उरला नाही, म्हणून ब्रिजटॉवरने तो बेथोवेनच्या हस्तलिखितावरून वाजवला. बेथोवेनचं गिचमिड अक्षर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे किती अवघड ते कळेल! बेथोवेनने पियानोवर वाजवलेली एक तान ब्रिजटॉवरने तिथल्या तिथे व्हायोलिनवर उचलली, तेव्हा बेथोवेनने उठून त्याला मिठी मारली, ही आठवण खुद्द ब्रिजटॉवरची.

मग नाव का बदललं? दोघांचं बिनसलं, एका तरुणीवरून, असं ब्रिजटॉवरने उतारवयात सांगितलं. १८०५मध्ये सोनाटा छापला गेला तेव्हा अर्पणपत्रिकेत क्रॉइत्झर आला. त्याने तो जाहीरपणे कधी वाजवलाच नाही. मसुद्यावर मात्र बेथोवेनच्या हातचं ब्रिजटॉवरचं नाव आहे.