जुना क्रोनोग्राफ: बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

सांगली-मिरजेकडं जुनी घड्याळं जमवणारी माणसं वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त आहेत. बहुतेकांची सुरुवात एचएमटी जनतापासून होते, मग फेवर ल्युबा, मग वेस्ट एंड, आणि मग कुणीतरी दोन बटणांचं घड्याळ हातात देतं आणि माणूस कामातून जातो. दोन बटणांचं म्हणजे क्रोनोग्राफ. मधला लांब सेकंदकाटा एरवी बारावर गप्प उभा असतो, बटण दाबलं की सुटतो, परत दाबलं की थांबतो आणि खालचं बटण दाबलं की टपकन झिरोवर येतो. आहे स्टॉपवॉचच, पण चालू घड्याळाच्या पोटात बसवलेलं, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

कारण या स्टॉपवॉचला स्वतःची स्प्रिंग नसते. तुम्ही सकाळी चावी देता ती एकच मेनस्प्रिंग, तिच्याच ताकदीवर वेळ दाखवणारं घड्याळ पण चालायचं आणि वर हे पण. त्यामुळं 'फुल्ली रिस्टोअर्ड' म्हणून जो पीस विकायला येतो तो खरंच नीट केलाय की नुसता चकाचक केलाय हे बघायचं तर माझ्या मते एकच प्रश्न कामाचा आहे: बटण दाबल्यावर मूळ घड्याळाला किती जड जातं? डायल, केस, पट्टा हे सगळं नंतर.

वेळ मोजायच्या यंत्राची गरज पडली ती दोन गोष्टींसाठी, आकाशातले तारे आणि शर्यती. लुई म्वाने या फ्रेंच माणसानं १८१६ मध्ये ताऱ्यांच्या वेधांसाठी तासाला २,१६,००० ठोक्यांचं यंत्र केलं, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आणि गंमत म्हणजे ते २०१३ मध्ये जगापुढं आलं तोवर सगळे पहिलेपणाचा मान निकोलस रिउसेकला देत होते. या रिउसेकनं १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत आपलं यंत्र लावलं, घोडा पोचला की डायलवर शाईचा ठिपका पडायचा. आपल्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीत निशाणावर जे वाद होतात ते ज्यांनी ऐकलेत त्यांना कागदी पुराव्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शाईची अडचण एकच, पुढच्या वेळी डायल पुसायला लागायची. काटा स्वतःहून झिरोवर आणायची युक्ती अडॉल्फ निकोलनं १८४४ मध्ये पेटंट केली, तिच्याकडं येतोच.

आता आतलं मशीन. पाठीमागचं झाकण उघडलं की साध्या घड्याळात बॅलन्स, म्हणजे घड्याळाचा ठोका ठरवणारं चाक, डुलताना दिसतो, क्रोनोग्राफमध्ये मात्र त्याच्या शेजारी स्टीलच्या लिव्हर आणि बारीक स्प्रिंगांचं जंगल दिसतं. मिनिटाला एक फेरी मारणारं जे सेकंदाचं चाक असतं त्याच्या टोकावर मागच्या बाजूला अजून एक बारीक दात्यांचं चाक बसवलेलं असतं, ते कायम फिरतंय. मध्यभागी क्रोनोग्राफचं मोठं चाक, ते थांबलेलं. आणि दोघांच्या मधे एका हलत्या लिव्हरवर तिसरं चाक. बटण दाबलं की ती लिव्हर सरकते, मधलं चाक मोठ्या चाकाला जाऊन टेकतं आणि काटा सुटतो. सायकलचा जुना डायनॅमो आठवा, टायरला टेकवला की दिवा लागतो पण पायडल लगेच जड होतं, तसंच.

हे दाते किती खोल अडकवायचे यातच कारागिराची परीक्षा. जास्त खोल गेले तर घर्षण वाढतं आणि घड्याळ हळूहळू दमतं, कमी गेले तर काटा अडखळत चालतो किंवा मधेच घसरतो. म्हणून मशीनमध्ये एक्सेंट्रिक स्क्रू दिलेले असतात, त्याचं डोकं मध्यातून थोडं बाजूला असतं, केसभर फिरवला की लिव्हर केसभर सरकते. नवख्या माणसाला हे साधे स्क्रू वाटतात, तो ते पूर्ण आवळून मोकळा होतो आणि मग पुढच्या माणसाला सगळं पहिल्यापासून जुळवत बसायला लागतं. शिवाय मोठ्या चाकाखाली एक पातळ पट्टीसारखी स्प्रिंग हलकी दाबून बसवलेली असते, ती नसेल तर दात्यांमधल्या ढिलाईनं काटा थरथरतो, ती जास्त दाबली तर परत भार. आणि बऱ्याच जणांना पटत नाही पण या दात्यांना तेल लावायचं नसतं! तेल पिव्हटला, म्हणजे चाक ज्या बारीक टोकावर फिरतं तिथं. दात्यांना लावलं की त्यात धूळ बसते आणि चिकटा होतो.

भार किती येतोय हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी टाइमग्राफर नावाचं छोटं मशीन असतं, आता स्वस्तात मिळतं. ते घड्याळ ऐकतं. आपल्याला एक 'टक' ऐकू येते पण त्या एका टकीत तीन आवाज असतात: बॅलन्सवरचा खडा फोर्कला, म्हणजे बॅलन्स आणि चाकांच्या मधल्या छोट्या लिव्हरला, धडकतो तो पहिला, चाकाचा दात सुटून फोर्कला ढकलतो तो दुसरा आणि पुढचा दात अडून थांबतो तो तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या आवाजाच्या मधे बॅलन्स एक ठराविक कोन फिरतो, बऱ्याच मशिनींत ५० अंशांच्या आसपास, त्याला लिफ्ट अँगल म्हणतात. तेवढा कोन फिरायला किती मिलिसेकंद लागले हे कळलं की बॅलन्सचा वेग कळला आणि वेगावरून त्याचा झोका, म्हणजे मधल्या जागेपासून एका बाजूला तो किती अंश जातो, ते निघतं. झाकण न उघडता नुसत्या आवाजावरून!

नीट सर्व्हिसिंग झालेलं घड्याळ पूर्ण चावी देऊन आडवं ठेवलं की झोका साधारण २७० ते ३०० अंश दाखवतो. आता क्रोनोग्राफ चालू करा. २०-३० अंश उतरला तर चालतं, डायनॅमो टेकलाय म्हटल्यावर तेवढं होणारच, पण ५०-६० अंश उतरला तर कुठंतरी अडकतंय. झोका कमी झाला तर बिघडलं कुठं असं कुणी म्हणेल, कारण स्प्रिंगच्या नियमानं मोठा झोका आणि छोटा झोका दोघांना सारखाच वेळ लागायला पाहिजे, १६७५ मध्ये हायगेन्सनं घड्याळात बॅलन्सला जोडलेली बारीक गुंडाळलेली स्प्रिंग, म्हणजे हेअरस्प्रिंग, आणली ती याच जोरावर. पण खऱ्या स्प्रिंगा आणि खरे फोर्क पुस्तकातल्यासारखे वागत नाहीत, झोका फार उतरला की घड्याळाची चाल बदलते, आणि मनगटावर हात उभा-आडवा होताना तो आणखी खाली येतो.

गणपती पेठेच्या बाजूला बसणारे एक घड्याळवाले काका आहेत, डोळ्याला कायम आयग्लास, ते गिऱ्हाइकाला एवढंच सांगतात, "बटण दाबून दुसरं रीडिंग दाखवा म्हणावं, मग पैशाचं बोला." विकणारे बहुतेक वेळा पहिल्याच रीडिंगचा फोटो पाठवतात.

झिरोवर यायची युक्ती मला या सगळ्यात सगळ्यात आवडते. क्रोनोग्राफच्या चाकावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा एक छोटा स्टीलचा तुकडा असतो. रीसेट दाबलं की एक हातोडी त्याच्या कडेवर आपटते. बदामाची कड अशी वळवलेली असते की हातोडी कुठंही पडली तरी ती घसरत मधल्या खोबणीकडंच जाते, हातोडी सरळ दाबते आणि बदाम फिरतो, त्याच्याबरोबर काटा. काटा १० सेकंदांवर असू दे नाहीतर ५०, जवळच्या बाजूनं फिरून झिरोवर. टोकावर पडली तरी टोक धारदार असल्यानं ती इकडं किंवा तिकडं घसरतेच. या दणक्यानं वर्षानुवर्षात काट्याची नळी सैल होते, मग काटा झिरोच्या जरा पुढंमागं थांबतो. ते दुरुस्त होतं, पण गम लावून चिकटवलेला काटा दिसला तर त्या पीसपासून लांब राहा.

कोणती लिव्हर कधी हलणार हे ठरवायला दोन पद्धती आहेत. कॉलम व्हीलमध्ये छोटे उभे खांब असलेलं चाक फिरतं आणि लिव्हर खांबांमधल्या फटीत पडतात, कॅमवाल्यात कापलेल्या पट्ट्या पुढंमागं सरकतात. कॉलम व्हील म्हणजे भारी आणि कॅम म्हणजे हलकं असं सगळे छातीठोक सांगतात. मला ते पटत नाही. ओमेगा स्पीडमास्टरसारखं घड्याळ सुद्धा १९६८ मध्ये ८६१ मशीनबरोबर कॅमवर आलं.

मिरजेत एका डॉक्टरांच्या घरातलं असंच कॅमवालं घड्याळ बघायला मिळालं, आत लँडेरॉन ४८ मशीन. डायलवर पल्सोमीटर, मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव त्यामुळं नवल नाही: पेशंटची नाडी धरून काटा सोडायचा, ३० ठोके मोजून थांबवायचा, काटा जिथं थांबेल तिथं मिनिटाचे ठोके छापलेले. ३० ठोक्यांना २५ सेकंद लागले तर काटा ७२ वर. घरच्यांची तक्रार होती की वरच्या बटणानं काटा थांबतच नाही, जाम झालंय. जाम काही नव्हतं! लँडेरॉन ४८ मध्ये वरचं बटण फक्त सोडायला असतं, थांबवायचं आणि झिरोवर आणायचं दोन्ही खालच्या बटणानं. जोर लावून लावून बटण तेवढं वाकवलं होतं.

जुन्या मशिनी बहुतेक तासाला १८,००० ठोक्यांच्या, म्हणजे सेकंदाला ५, त्यामुळं काटा पाचपाच टप्प्यांत उडी मारतो आणि सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा बारीक काही मोजूच शकत नाही. खरा दहावा भाग पाहिजे तर १९६९ च्या झेनिथ एल प्रिमेरोसारखं ३६,००० ठोक्यांचं मशीन लागतं.

गंजाचं पण सांगायला पाहिजे, सांगलीत राहून ते टाळता येत नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा कितीतरी घरांची कपाटं गाळात गेली. पाण्यातून निघालेल्या घड्याळात पितळी प्लेट आणि चाकं बऱ्यापैकी वाचतात, माणकाचे ज्वेल तर शाबूतच असतात, पण स्टील जातं, आणि क्रोनोग्राफचा वरचा थर बहुतेक स्टीलचा. त्यात बटणांसाठी केसला दोन भोकं जास्तीची, पूर नसला तरी पावसाळी दमट हवा तिथूनच आत शिरते.

डायलबद्दल माझं मत ठाम आहे, रंगवू नका. डाग राहू देत. आपल्याकडं रीडायल करायची फार हौस, आणि त्यानं कलेक्टरच्या नजरेत किंमत उतरतेच. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा, आता चमकत नाही म्हणून लोक तो खरवडून नवा लावतात आणि ते धोक्याचं आहे, कारण मेलाय तो चमकणारा झिंक सल्फाइडचा भाग. किरणोत्सारी रेडियम-२२६ चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, १,६०० वर्षांचं, ते तसंच आहे. काच बंद ठेवून वापरा, पण त्याची धूळ नाकातोंडात जाता कामा नये.

राहिला नेहमीचा प्रश्न, मधला काटा दिवसभर चालू ठेवला तर? वर सांगितलेल्या पद्धतीच्या मशिनीत नको, उगाच भार आणि झीज. १९६९ च्या सेको ६१३९ मध्ये मात्र चाकं शेजारून येऊन टेकत नाहीत, एकाच दांड्यावर वरून खाली दाबून पकडतात, त्यामुळं सुटताना काटा उडी मारत नाही आणि चालू राहिला तरी घड्याळाला फारसं जाणवत नाही.