बंधनं तोडली की माणूस स्वतंत्र होतो?

कुणाचं बंधन नको, मनाला येईल तसं वागायचं, म्हणजेच व्यक्तिस्वातंत्र्य, हा समज वर्षानुवर्षं पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे.

१९५८ साली ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले: इतरांनी आडवं न येणं, आणि आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्याच हाती असणं. पहिलं मिळालं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. कुणी अडवत नसताना निव्वळ ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने होकार देणारा माणूस स्वतंत्र आहे, असं मला तरी वाटत नाही.

मात्र बर्लिन यांनीच एक धोकाही दाखवला होता. ‘तुझं खरं हित आम्हाला कळतं’ असं म्हणत दुसऱ्या अर्थाच्या नावाखाली सक्ती करता येते. म्हणून स्वतःवरचा ताबा ज्याचा त्यानेच कमवायचा. घरच्यांनी किंवा सरकारने तो लादायचा नाही.

कमवायचा कसा? काही महिने पगाराविना निभेल इतकी बचत असली, की नकोशा कामाला नाही म्हणता येतं. (पैशाचा मुद्दा लोक टाळतात, पण तोच कळीचा आहे.) मोठा निर्णय रागाच्या भरात घेऊ नये, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. आणि नकार देताना कारणांची यादी लागत नाही. ‘मला जमणार नाही’ एवढं पुरतं.