पांडा ही उत्क्रांतीची चूक नव्हे

मांसाहारी प्राण्याचे आतडे घेऊन बांबू चघळणारा पांडा म्हणजे उत्क्रांतीचा फसलेला प्रयोग, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. आतड्याची गोष्ट खरी आहे; खाल्लेल्या बांबूचा पाचवा हिस्साही त्याला पचत नाही. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. एकाच प्रकारच्या झाडावर जगणे हा दोष मानला, तर युरोपातील पाइन सॉफ्लाय या गांधीलमाशीच्या नातलगालाही तोच न्याय लावावा लागेल. त्याच्या अळ्या पाइनच्या सुया खातात, त्यांतील चिकट राळ अन्ननलिकेलगतच्या दोन पिशव्यांत साठवतात आणि मुंगी अंगावर आली की राळेचा थेंब तोंडातून काढून तिला माखतात. त्यांना कोणी चूक म्हणत नाही, उलट वनखाती त्यांच्या धाडीची धास्ती घेतात. पांडाने काटकसरीची वाट धरली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्याचा रोजचा ऊर्जाखर्च तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याकडून अपेक्षित असलेल्या खर्चाच्या सुमारे ३८ टक्केच भरला. शिवाय ऋतूनुसार तो प्रथिने अधिक असलेले कोंब आणि पाने निवडून खातो. प्रजननातील अपयशाच्या कथा बहुतांशी पिंजऱ्यातल्या आहेत. सिचुआन, शान्शी आणि गान्सू प्रांतांत त्याची संख्या रोडावली, ती प्रामुख्याने जंगलतोड आणि शिकारीमुळे.